वाइड लेन्स लावली की निगेटिव्हवरची फ्रेम मोठी का होते?

धुऊन आलेला रोल लाइटबॉक्सवर पसरायचा आणि भिंग डोळ्याला लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू जायचं, हे माझं फार आवडतं काम. फोटो कसे आलेत ते मी नंतर बघते. आधी बघते ती दोन फ्रेमच्या मधली कोरी पट्टी.

ही सवय एका रोलमुळे लागली. साधा ब्लॅक अँड व्हाइट रोल, रेंजफाइंडर कॅमेरा, म्हणजे आत आरसा नसलेला, वेगळ्या छोट्या खिडकीतून बघायचा. सुरुवातीचे फोटो ५० मिमी लेन्सने काढलेले, मधले दहाबारा २१ मिमीच्या वाइड लेन्सने, आणि शेवटी पुन्हा ५०. निगेटिव्ह पाहिलं तर पहिल्या फ्रेमच्या मधल्या पट्ट्या चांगल्या रुंद होत्या. मधल्या फ्रेम एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि शेवटी पट्ट्या पुन्हा रुंद झालेल्या. मला वाटलं, कॅमेऱ्यात फिल्म नीट पुढे सरकत नाहीये, दात झिजले असतील. कॅमेरा दुरुस्तीला न्यायचा म्हणून पिशवीत भरलासुद्धा. निघण्याआधी एकदा भिंगातून पुन्हा पाहिलं आणि एक गोष्ट ध्यानात आली: २१ मिमीच्या फ्रेम नुसत्या रुंद नव्हत्या, त्या उंचीलाही जरा जास्त होत्या. वरची आणि खालची कड फिल्मच्या काठावरच्या छिद्रांच्या जास्त जवळ गेली होती.

फिल्म कमी सरकली तर फ्रेम जवळ येतील, एकमेकींवर चढतीलही. पण त्यामुळे फ्रेमची उंची कशी वाढेल? फिल्म तर आडवी सरकते. म्हणजे दोष सरकण्यात नव्हता. फ्रेमच मोठी झाली होती, आणि ती मोठी केली होती लेन्सने.

लेन्स बदलली की फोटोत काय काय मावतं ते बदलतं, हे कॅमेरा हातात धरलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. पण फिल्मवरच्या चौकटीचं माप तर कॅमेऱ्याने कायमचं ठरवलेलं, २४ बाय ३६ मिमी, अशीच आपली समजूत असते. या समजुतीत एक छोटी फट आहे. अगदी खरीखुरी, धातू आणि फिल्म यांच्या मधली.

कॅमेऱ्याची पाठ उघडून बघा

रोल नसताना ३५ मिमीच्या कोणत्याही फिल्म कॅमेऱ्याची पाठ उघडा. मधोमध एक आयताकृती खिडकी दिसेल. तिला गेट म्हणतात. खिडकीच्या वर आणि खाली गुळगुळीत घासलेल्या धातूच्या पट्ट्या असतात, रुळांसारख्या. आतल्या रुळांवर फिल्मच्या दोन्ही कडा, म्हणजे छिद्रांचा भाग, टेकतो. बाहेरच्या जरा उंच रुळांवर पाठीच्या झाकणातली दाबपट्टी बसते. दाबपट्टी आणि आतले रूळ यांच्यामधल्या अरुंद बोगद्यातून फिल्म सरकते.

आता रुळांकडे तिरक्या नजरेने पाहा. रूळ खिडकीच्या कडेपेक्षा किंचित उंच असतात, कारण फोटो जिथे उमटायचा तो इमल्शनचा थर फार नाजूक असतो. तो खिडकीच्या धारेला घासला तर प्रत्येक फोटोवर चरे पडतील. म्हणून फिल्म खिडकीला टेकत नाही, तिच्यापासून जराशी मागे तरंगत असते. हे अंतर कॅमेऱ्यागणिक वेगळं असतं, मिलिमीटरच्या आतबाहेर. नुसत्या डोळ्याला ते जाणवतही नाही, पण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

कारण आता चौकट फिल्मवर छापली जात नाही. खिडकीच्या कडांची सावली फिल्मवर पडते, आणि आपण जिला फ्रेमची कड म्हणतो ती या सावलीची कड असते. सावली किती लांब पडेल ते उजेड कुठून येतो यावर ठरतं. दुपारी बाराला खांबाची सावली पायाशी असते आणि संध्याकाळी तीच रस्ता ओलांडून जाते. खांब तोच असतो.

घरी दोन मिनिटांत करून बघता येईल असा एक प्रयोग सांगते. जाड पुठ्ठ्यात ३ सेंमी रुंदीचा चौकोन कापा. टेबलावर कोरा कागद ठेवा आणि पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन तो कागदापासून सेंटिमीटरभर वर राहील असं करा. खोलीतला दिवा घालवा आणि मोबाइलचा टॉर्च चौकोनाच्या बरोबर वर, कागदापासून ५० सेंमीवर धरा. कागदावर पडलेला उजेडाचा चौकोन जवळजवळ पुठ्ठ्यातल्या भोकाएवढाच, ३.०६ सेंमी असेल. आता टॉर्च हळूहळू खाली आणा. चौकोन पसरत जाईल. टॉर्च कागदापासून १० सेंमीवर आला की चौकोन ३.३३ सेंमी झालेला असेल. भोक तेवढंच आहे, पुठ्ठाही जागचा हललेला नाही. उजेड जवळ आला, त्यामुळे कडेवरून जाणारा किरण जास्त तिरका झाला आणि पुठ्ठ्याखालच्या त्या सेंटिमीटरभर जागेत बाहेर सरकला.

कॅमेऱ्यात पुठ्ठ्याच्या जागी गेट असतं आणि कागदाच्या जागी फिल्म. टॉर्चच्या जागी काय असतं, ते आता बघू.

उजेड कुठून येतो?

लेन्स कॅमेऱ्यातून काढा, उजेडाकडे धरा आणि मागच्या बाजूने तिच्यात बघा. आत एक उजळ गोल दिसेल. हे अ‍ॅपर्चरचं छिद्र, मागच्या काचांमधून दिसणारं. फिल्मच्या दृष्टीने सगळा उजेड याच गोलातून येतो. प्रकाशशास्त्रात याला एक्झिट प्यूपिल म्हणतात, पण इथे ‘उजेडाचं छिद्र’ म्हटलं तरी पुरे. प्रश्न एवढाच की हे छिद्र फिल्मपासून किती दूर आहे.

पुढच्या आणि मागच्या बाजूला साधारण सारख्याच काचा असलेली, म्हणजे सममित रचनेची लेन्स घेतली आणि ती अनंतावर फोकस केली, तर हे अंतर जवळपास फोकल लेंग्थएवढंच असतं (लेन्सच्या नावातला ५० किंवा २१ मिमी हा आकडा म्हणजे तिची फोकल लेंग्थ). ५० मिमीच्या लेन्सचं छिद्र फिल्मपासून साधारण ५० मिमीवर, तर २१ मिमीच्या लेन्सचं २१ मिमीवर. म्हणजे वाइड लेन्स लावणं हे टॉर्च खाली आणण्यासारखंच आहे.

इथे दहावीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण कामाला येतात. छिद्राच्या मध्यापासून निघालेला किरण गेटच्या कडेला चाटून फिल्मवर पोचतो. गेटची निम्मी रुंदी १८ मिमी आणि गेट व फिल्म यांच्यातलं अंतर अर्धा मिमी धरू. तुमच्या कॅमेऱ्यात ते वेगळं असेल, हिशोबाची रीत मात्र हीच. २१ मिमीवरचं छिद्र गेटच्या कडेपासून २०.५ मिमीवर आहे. तेवढ्या प्रवासात किरण १८ मिमी बाजूला गेला, तर उरलेल्या अर्ध्या मिमीत तो आणखी ०.४४ मिमी जाईल. दोन्ही बाजू धरल्या तर फ्रेम ३६ ऐवजी जवळपास ३६.९ मिमी रुंद होते.

हाच हिशोब ३५ मिमीच्या लेन्सला केला तर दोन्ही बाजू मिळून वाढ ०.५२ मिमी येते, ५० मिमीला ०.३६ आणि ९० मिमीला जेमतेम ०.२. म्हणजे वाढ प्रत्येक लेन्सला होते, अगदी ९० मिमीलाही. फक्त वाइडला ती डोळ्यात भरण्याइतकी होते.

मिलिमीटरपेक्षाही कमी, मग एवढं काय, असं वाटू शकतं. ते का जाणवतं हे कळायला फिल्मवर मुळात जागा किती आहे ते बघावं लागेल.

जर्मनीतल्या वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाकने चित्रपटाची ३५ मिमी फिल्म छोट्या कॅमेऱ्यात वापरायची असं ठरवलं तेव्हा त्याने सिनेमाची १८ बाय २४ मिमीची फ्रेम दुप्पट केली. त्यातून २४ बाय ३६ मिमी हे माप आलं. त्याचा लायका कॅमेरा १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आला आणि हे माप पुढे जगभर रुजलं. फिल्म सरकवतात ती छिद्रं मोजून, एका फोटोला आठ. लागोपाठच्या दोन छिद्रांत ४.७५ मिमीचं अंतर, म्हणजे एका फोटोच्या वाट्याला बरोबर ३८ मिमी फिल्म येते. त्यातले ३६ मिमी फोटोला, आणि उरलेल्या २ मिमीची कोरी पट्टी.

या २ मिमीतून वजाबाकी करत गेलं की चित्र स्पष्ट होतं. आपल्या धरलेल्या मापांत ९० मिमीच्या लेन्सला पट्टी १.८ मिमीची राहते, ५० ला १.६४ मिमीची आणि २१ ला १.१२ मिमीची. फ्रेममध्ये झालेला फरक अडीच टक्क्यांच्या आतला आहे, पण पट्टी जवळपास निम्म्यावर आली. आपला डोळा पकडतो ती पट्टी. म्हणूनच मला फिल्म सरकण्याचा दोष वाटला होता.

उंचीचंही तसंच. निम्मी उंची १२ मिमी, तिच्यात २१ मिमीच्या लेन्सने दर बाजूला ०.२९ मिमीची भर पडते. फ्रेम २४.६ मिमी उंच होते. वरच्या आणि खालच्या छिद्रांच्या रांगांमध्ये मोकळी जागा असते साधारण २५.४ मिमी, म्हणजे कड छिद्रांना लागत नाही, पण अगदी जवळ जाते. रुंदी आणि उंची दोन्ही एकाच पटीत वाढतात, त्यामुळे तीनास दोन हे प्रमाणही बिघडत नाही.

एक गैरसमज होऊ शकतो, तो इथेच मोडायला हवा. फ्रेम मोठी झाली म्हणून फोटोतल्या वस्तू मोठ्या होत नाहीत. समोरचं झाड निगेटिव्हवर जेवढं उमटायचं तेवढंच उमटतं, ते काम फोकल लेंग्थचं. लेन्स तर मुळातच गेटपेक्षा मोठं गोल चित्र टाकत असते आणि गेट त्यातला आयत कापून घेतं. कापणारी कड थोडी बाहेर सरकली, म्हणून झाडाच्या पलीकडचं कुंपण आणखी थोडं दिसलं, इतकंच. २१ मिमीच्या लेन्सचा आडवा कोन हिशोबाने ८१.२ अंश यायला हवा. वाढलेल्या फ्रेममुळे तो ८२.६ होतो. या जवळजवळ दीड अंशाचा उल्लेख कोणत्याही माहितीपत्रकात नसतो, पण फिल्मवर तो असतो.

एसएलआरवाल्यांना हे का दिसत नाही?

हे वाचून कुणी म्हणेल, माझ्याकडे एसएलआर आहे, २० मिमीची लेन्स वर्षानुवर्षं वापरतोय, पण पट्ट्या कधी अरुंद झालेल्या पाहिल्या नाहीत. बरोबर आहे. मला या सगळ्या विषयातला हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असतो, आणि फोटो काढताना तो वर उचलला जायला जागा लागते. त्यामुळे लेन्सची बैठक फिल्मपासून दूर ठेवावी लागते. १९५९ च्या निकॉन एफपासून चालत आलेल्या माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी आहे. लायका एम रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही, तिथे ते २७.८ मिमी आहे. २० मिमी फोकल लेंग्थची सममित लेन्स एसएलआरवर बसवायची तर तिच्या मागच्या काचा आरशाच्या वाटेत येणार.

यावर उपाय निघाला तो लेन्स उलट्या टेलिफोटोसारखी बांधण्याचा. पुढे उजेड फाकवणाऱ्या काचा, मागे गोळा करणाऱ्या. अशा लेन्सची फोकल लेंग्थ लहानच राहते, पण ती फिल्मपासून लांब बसू शकते. फ्रान्सच्या आंजेन्यूने १९५० मध्ये अशी ३५ मिमीची लेन्स एसएलआरसाठी आणली आणि तिला रेट्रोफोकस हे नाव दिलं. ते नाव पुढे या सगळ्या जातीलाच चिकटलं.

रेट्रोफोकस लेन्समध्ये उजेडाचं छिद्रही फिल्मपासून लांब जातं. नावाला लेन्स २० मिमीची, पण फिल्मला उजेड येताना दिसतो तो चाळीस-पन्नास मिमी किंवा त्याहून लांबून. टॉर्च उंचावरच राहिला. म्हणून एसएलआरवरच्या वाइड लेन्सची फ्रेम साधारण ५० मिमीच्या लेन्ससारखीच येते आणि पट्ट्या एकसारख्या दिसतात.

म्हणजे ‘वाइड लेन्स फ्रेम मोठी करते’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. फिल्मच्या जवळ बसणारी लेन्स फ्रेम मोठी करते. रेंजफाइंडरवरच्या जुन्या वाइड लेन्स जवळ बसतात, म्हणून हा गुण वाइडपणाच्या नावावर चढला.

या जवळ बसणाऱ्या लेन्सचं घराणं मोठं आहे. झाइसचा २१ मिमी बायोगॉन हा लुडविग बेर्टेले यांच्या रचनेचा, कॉन्टॅक्स रेंजफाइंडरसाठी बनवलेला. श्नायडरचा २१ मिमी सुपर अँगुलॉन १९५८ पासून लायकासाठी आला. त्यांच्या मागच्या काचा कॅमेऱ्याच्या पोटात पार खोल जातात. सगळ्यात टोकाचा म्हणजे झाइसचा १५ मिमी होलोगॉन. १९६९ मध्ये तो त्याच्यासाठीच बांधलेल्या वेगळ्या कॅमेऱ्यात आला. आपला अर्ध्या मिमीचा हिशोब त्याला लावला तर फ्रेम ३७.२ मिमी रुंद होते आणि पट्टी पाऊण मिमीवर येते.

निकॉननेही एक अपवाद करून ठेवला. निकॉन एफसाठी त्यांनी २१ मिमी एफ/४ ची एक लेन्स काढली, आणि ती मुळात रेंजफाइंडरच्या रचनेची होती. ती बसवायची तर आधी आरसा वर उचलून अडकवून ठेवायचा, व्ह्यूफाइंडरमधून दिसणं बंद, आणि फोटोची चौकट कॅमेऱ्यावर लावलेल्या वेगळ्या फाइंडरमधून ठरवायची. ज्यांच्याकडे ही लेन्स आणि नंतरची रेट्रोफोकस २० मिमी अशा दोन्ही आहेत, त्यांनी एकाच रोलवर दोन्ही वापरून पाहाव्यात. एकच गेट, जवळपास सारखीच फोकल लेंग्थ, आणि पट्ट्या वेगळ्या.

हॅसलब्लाडकडे असाच एक तयार प्रयोग आहे. त्यांच्या ६ बाय ६ च्या कॅमेऱ्यांत फिल्म एका सुट्या डब्यात, म्हणजे मॅगझिनमध्ये असते आणि गेटही त्या मॅगझिनमध्येच असतं. १९५७ च्या ५०० सी या एसएलआरला आणि ३८ मिमी बायोगॉन कायमचा जोडलेल्या सुपर वाइड कॅमेऱ्याला तेच मॅगझिन बसतं. अर्धा रोल ८० मिमीच्या लेन्सने काढावा, मग मॅगझिन काढून सुपर वाइडला लावावं आणि उरलेला रोल तिकडे संपवावा. एकाच फिल्मवर, एकाच खिडकीतून, दोन मापांच्या फ्रेम मिळतात. इथे गेटची निम्मी रुंदीच साधारण २८ मिमी असल्याने फरक आणखी ठळक होतो. हॅसलब्लाडच्या निगेटिव्हच्या डाव्या कडेला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन छोट्या खाचा असतात. त्या गेटच्या कडेवरच कोरलेल्या असल्यामुळे कडेबरोबर त्याही बाहेर सरकतात.

आपल्याकडे अनेक घरांत असलेल्या आग्फा क्लिक थ्रीमध्ये हा प्रश्न कधी आलाच नाही. १२० चा रोल, बारा फोटो आणि न बदलता येणारी एकच लेन्स. टॉर्च कायम एकाच उंचीवर.

कड धारदार की पुसट?

टॉर्चचा प्रयोग केलात तर आणखी एक गोष्ट दिसली असेल: चौकोनाची कड अगदी रेघेसारखी नसते. मोबाइलचा टॉर्च म्हणजे बारीक ठिपका, त्यामुळे कड बरीच स्पष्ट येते. त्याजागी मोठा गोल बल्ब धरा, कड लगेच पुसट होते. ग्रहणाच्या धड्यात प्रच्छाया आणि उपच्छाया शिकलो होतो, तेच हे. दिवा मोठा असला की सावलीच्या कडेला अर्धवट अंधाराची पट्टी येते.

फिल्मवरही तेच होतं. ५० मिमीची लेन्स एफ/२ ला, म्हणजे फोकल लेंग्थच्या निम्म्या छिद्राला, पूर्ण उघडी असेल तर उजेडाचं छिद्र २५ मिमी रुंद असतं आणि अर्ध्या मिमीच्या अंतरात ही पुसट कड पाव मिमीची होते. एफ/१६ ला छिद्र जेमतेम ३ मिमीचं राहतं आणि पुसटपणा ०.०३ मिमीवर येतो, म्हणजे कड पातं मारल्यासारखी. एकाच लेन्सने, एकाच रोलवर, दुपारच्या उन्हातल्या फ्रेमची कड धारदार आणि रात्री घरात काढलेल्या फ्रेमची मऊ. सबंध निगेटिव्ह काळ्या किनारीसकट छापणाऱ्यांना हे ओळखीचं असेल. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ आपले फोटो न कापता छापण्याबद्दल आग्रही होता, आणि ती काळी किनार म्हणजे निगेटिव्हला कात्री लागलेली नाही याची खूण. मला त्या किनारीत आणखी एक गोष्ट वाचायला आवडते: ती किती मऊ आहे यावरून लेन्स किती उघडी होती याचा अंदाज येतो.

रोजच्या कामात याचा काय उपयोग?

पहिला उपयोग म्हणजे दोष ओळखण्याचा. पट्ट्या कमीजास्त दिसल्या तर पट्टीकडे बघू नका, छिद्रांकडे बघा. एका फ्रेमचा मध्य एखाद्या छिद्राशी जिथे जुळतो, तिथेच पुढच्या फ्रेमचा मध्य आठ छिद्रांनंतर जुळायला हवा. मध्य ३८ मिमीवर नेमाने येत असतील आणि फ्रेम दोन्ही बाजूंना सारखी फुगली असेल, शिवाय उंचीलाही वाढली असेल, तर ते लेन्सचं काम. कॅमेरा निर्दोष आहे. मध्यच इकडेतिकडे सरकत असतील आणि उंची मात्र तीच असेल, तर फिल्म ओढणाऱ्या यंत्रणेत खरोखर काही बिघडलंय. एसएलआर वापरणाऱ्यांच्या पट्ट्या अचानक अरुंद होऊ लागल्या तर त्यांनी दुसरी शक्यता आधी धरावी, कारण पहिलीला तिथे फारसा वाव नाही.

दुसरा उपयोग रोल कापताना. वाइडने काढलेल्या दोन फ्रेमच्या मध्ये कात्रीला फक्त मिलिमीटरभर जागा असते. रात्रीचे फोटो असतील तर अवघडच, कारण निगेटिव्हवर न उजळलेला भाग पारदर्शक असतो, पट्टीही पारदर्शक आणि काळं आकाशही पारदर्शक. फ्रेम कुठे संपली तेच कळत नाही. स्कॅनरचं सॉफ्टवेअरही अशाच ठिकाणी फसतं आणि दोन फोटोंचे अर्धे अर्धे तुकडे जोडून देतं. वाइडने रात्री शूट केलेला रोल मी लॅबला ‘न कापता द्या’ असं सांगूनच देते.

एनलार्जर म्हणजे निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र. त्यातल्या निगेटिव्ह धरणाऱ्या चौकटीची, म्हणजे कॅरिअरची, खिडकी बहुधा २४ बाय ३६ पेक्षा थोडी लहानच असते, स्लाइडच्या चौकटीचीही. म्हणजे वाढलेला भाग कुणाला दिसायच्या आधीच झाकला जातो. तो हवा असेल तर कॅरिअर कानशीने घासून मोठा करावा लागतो. काळ्या किनारीसाठी लोक तसं करतातच. फक्त तो ५० मिमीच्या फ्रेमवर बेतून घासला, तर २१ मिमीच्या निगेटिव्हची किनार त्यात मावत नाही. आधी सगळ्यात वाइड लेन्सचं निगेटिव्ह लावून बघावं, मग कानस चालवावी. घासलेला धातू परत येत नाही.

डिजिटलमध्ये फ्रेम कधीच मोठी होत नाही, कारण तिथे चौकट सावलीने ठरत नाही, पिक्सेल जिथे संपतात तिथे ती संपते. पण तिरके किरण तिथेही आपला हिशोब चुकता करतात. पिक्सेलवर उजेड फार तिरका आला की कडा काळवंडतात, रंगाची झाक येते. २००६ च्या लायका एम८ चा सेन्सर १८ बाय २७ मिमीचा, म्हणजे फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान होता आणि त्याच्या कडेच्या पिक्सेलांवरच्या सूक्ष्म भिंगांना मध्याकडे सरकवून बसवलं होतं. त्यामागे हीच अडचण होती. फिल्मला असा तिरका उजेड पुष्कळ सोसतो. अर्थात कडा तिथेही मंद होतातच, २१ मिमीच्या सममित लेन्सला कोपऱ्यात मध्याच्या साधारण एक चतुर्थांशच उजेड पोचतो. होलोगॉनबरोबर तर मध्यभागी गडद असलेला खास फिल्टर द्यावा लागला होता. म्हणून फ्रेमला मिळालेली ती जास्तीची पाव-अर्धी मिमीची किनार बहुतेक वेळा फोटोतला सगळ्यात अंधारा भाग असते.

तुमच्या कॅमेऱ्यात गेट आणि फिल्म यांच्यात नेमकं किती अंतर आहे, हे मोजायला आत काहीही खुपसायची गरज नाही. एक पांढरी भिंत, एफ/११ आणि दोन लेन्स पुरतात. समजा २१ आणि ९० मिमीच्या, दोन्ही सममित रचनेच्या आहेत. अनंतावर फोकस ठेवून भिंतीचा प्रत्येकी एक फोटो काढा. निगेटिव्हवर दोन्ही फ्रेमची रुंदी चांगल्या मोजपट्टीने, भिंगाखाली, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजा. मोठ्या रुंदीतून लहान वजा करा आणि आलेल्या आकड्याला १.३५ ने भागा. फरक ०.६८ मिमी आला तर गेट फिल्मपासून अर्ध्या मिमीवर आहे. ०.४ आला तर ०.३ मिमीवर.